दुसरा चहा साडेनऊचा

परवा रामकुंडावर एका मित्राच्या दहाव्याला गेलो होतो. पिंड ठेवला, पण कावळा काही शिवेना. मुलगा हात जोडून म्हणाला, "आईला सांभाळीन." कावळा ढिम्म. धाकटा भाऊ म्हणाला, "जमिनीचं भांडण मिटवतो." तरी नाही. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "थांबा हो, त्यांचा दुसरा चहा साडेनऊचा असतो."

नऊ बत्तीसला कावळा आला. गडी जिवंत असता तर दोन मिनिटांच्या उशिरावरून घर डोक्यावर घेतलं असतं. मला हसू आवरेना. लोकांना वाटलं रडतोय, कुणीतरी पाठीवरून हात फिरवला.

आम्ही दोघं सातपूरच्या एकाच कारखान्यात होतो. ३४ वर्षं भोंगा ऐकला. रिटायर झाल्यावर ठरवलं, आता घड्याळ बांधायचं नाही. आठ दिवस टिकलं. आता पाचला उठणं, जॉगिंग ट्रॅकला सहा फेऱ्या, रविवारी मिसळ, आणि तीही त्याच टेबलावर. दुसरं कुणी तिथे बसलं असलं की आम्ही असे बघतो, जणू आमच्या सरणावरच बसलाय.

खरं तर नाशिककराला मरणाचं अप्रूप नसावं. अख्ख्या देशातून लोक अस्थी घेऊन आपल्याकडे येतात. स्टेशनवर रिक्षावाला विचारतो, "दर्शन की विधी?" आणि तरी घरात विषय काढा, लगेच "काहीतरी अभद्र बोलू नका!" मला हे पटत नाही. मरणाची नाही, रोजची घडी मोडायची भीती वाटते आपल्याला. व्हेंटिलेटरवर पडलो तर सहा फेऱ्यांचं काय?

म्हणून मी मरणालाच वेळापत्रकात बसवलं. सुप्रीम कोर्टाने २०१८ साली लिव्हिंग विलला मान्यता दिली. बरं होण्याची आशाच उरली नाही तर नुसतं यंत्रावर जगवू नका, असं आधीच लिहून ठेवता येतं. तेव्हा त्यावर मॅजिस्ट्रेटची सही लागायची, २०२३ पासून नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. दोन साक्षीदार हवेत. शिवाय वेळ आली की डॉक्टरांच्या दोन मंडळांनी होकार द्यायचा. म्हणजे मेल्यावरही कमिटी सुटत नाही म्हणावं, तर ती आधीच बसते!

मंगळवार गाठला, कारण त्या दिवशी वीजबिल भरायचंच होतं. नोटरीने कागद न वाचताच विचारलं, "भाडेकरार का?" मी म्हटलं, "हो, जागा सोडायचीय." मग त्याने वाचलं आणि चष्मा काढून मला नीट न्याहाळलं.

साक्षीदार म्हणून ट्रॅकवरचे दोघे नेले, एक ७१ चा, एक ७४ चा. सही करता करता थोरला म्हणाला, "आम्ही तुझ्याआधी गेलो तर रे?" धाकट्याने त्याला गप्प केलं, "आधी मिसळ खाऊ. तिचे पैसे हा देणार."

घरी येऊन कागद हिच्या हातात दिला. तिने तो दोनदा वाचला, गॅसच्या पुस्तकात ठेवला आणि म्हणाली, "बरं झालं. सिलिंडरचा नंबर लावलात का?"

राहिला होता.