‘अलेज्ड’ लिहिलं म्हणून पेपर विकला जात नाही हो

आमच्या तालमीच्या ग्रुपवर फिरणारं एक फॉरवर्ड आत्यापर्यंत पोचलं आणि तिनं ते खरं समजून भजनी मंडळात पण टाकलं, म्हणून लिहायलोय. नाहीतर असलं रोज येतंय, कोण बघतंय.

एका पोरीवरच्या अत्याचाराच्या केसवरून त्यात म्हटलंय, इंग्रजी पेपर ‘अलेज्ड’ आणि मराठी पेपर ‘कथित’ लिहितात ते गुन्हेगाराला वाचवायला. हा शब्द घातला की पेपरवर केस होत नाही. पोलिसांनी पकडलं, त्यानं कबूल केलं, विषय संपला. तवा आता आपणच दोघांचे नाव-फोटो व्हायरल करूया. दोघांचे म्हणजे आरोपीचा आणि त्या पोरीचा पण!

पहिलं, वाचवायचं काय नाही त्यात. आरोप झालाय, कोर्टात सिद्ध व्हायचाय, एवढंच पत्रकार सांगतो. पोरगी खोटं बोलते असं त्यात कुठंच नाही.

केस होत नाही हे तर साफ खोटं. दुसऱ्याचा आरोप तुम्ही छापला की तो तुमच्याही गळ्यात येतो, मागं ‘कथित’ लावा नाहीतर काय पण लावा. अब्रूनुकसानीला २ वर्षांपर्यंत कैद आहे.

आता ते ‘कबूल केलं’. पोलिसांपुढं दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून कोर्टात चालतच नाही, इंग्रजांच्या काळापासून, आणि २०२४ ला नवा साक्ष कायदा आला त्यातही ते तसंच ठेवलंय. का, तर ठाण्यात कबुली कशी निघते हे इंग्रजाला पण माहीत होतं. सुशांतसिंह राजपूत प्रकरणात चॅनेलवाल्यांनी जो धिंगाणा घातला त्यावर मुंबई हायकोर्टानं जानेवारी २०२१ मध्ये निकाल दिला, त्यात मीडियानं काय टाळायचं याची यादीच आहे. पोलिसांपुढची कबुली म्हणजे पक्का पुरावा असं लोकांना भासवून छापू नका, हे त्या यादीत आहे. त्याच हायकोर्टाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून आपल्या कोल्हापुरात बसतंय, त्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली आपण, आणि निकाल मात्र तालमीच्या कट्ट्यावर लावायचा होय?

आणि तो फोटो. अत्याचार झालेल्या पोरीची ओळख उघड केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली तुरुंग आहे, २ वर्षांपर्यंत. नुसतं नावच नाही, ओळख पटंल असं काहीही. ‘अमक्या गावची, तमक्या कॉलेजला’ एवढं बास होतंय गावाकडं. न्याय मागायला निघालेल्यांनी त्या पोरीला गल्लीत तोंड दाखवायची सोय ठेवली नाही, आणि खाली हात जोडलेल्या इमोजी! ग्रुपवर टाकलं म्हणून सुटका होईल या भ्रमात राहू नका.

एक मात्र मान्य करावं लागतंय, मनात नसलं तरी. हा शब्द पेपरवाले कसाही मारतात. माणूस मेलाय, पोस्टमॉर्टेम झालंय, तरी ‘कथित मृत्यू’. अरे मृत्यू कथित कसा असंल, खून कुणी केला ते कथित! एपी या अमेरिकन वृत्तसंस्थेच्या स्टाइलबुकात सरळ सांगितलंय की आरोप कुणी केला ते लिहा. म्हणजे ‘फिर्यादीत म्हटलंय’, ‘पोलिसांचं म्हणणं आहे’. तेवढं लिहायचा पण कंटाळा. आणि कारखानदाराचं पोरगं असलं की ‘कथित’, झोपडपट्टीतलं असलं की अटकेच्या दिवशीच ‘सराईत चोरटा’, यावर फॉरवर्ड काढा की, मी स्वतः पुढं पाठवतो.