डिप्पर न वापरणारा इसम

"तुम्ही डिप्पर वापरतच नसणार, म्हणून तो जाम झाला," असे एका सर्वस्वी अनोळखी गृहस्थांनी गेल्या शनिवारी एका गॅरेजमध्ये मला सगळ्यांच्या देखत सुनावले, आणि तिथे हजर असलेल्या प्रत्येकाने मान डोलावली. एकजण गाडीखाली झोपून काम करत होता, त्याची मान दिसत नव्हती. पण त्याचेही पाय हलल्याचे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

आजार साधा होता. अप्पर, म्हणजे हेडलाइटचा दूरवर जाणारा वरचा झोत, लागत होता; डिप्पर, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत न जाणारा खालचा झोत, लागत नव्हता. स्टिअरिंगच्या उजव्या बाजूची दांडी डिप्परवर आणली की दोन्ही दिवे एकदम विझत. एका बाजूचा दिवा गेला तर बल्ब किंवा फ्यूज गेला असे समजावे. दोन्ही बाजूंचे डिप्पर एकाच क्षणी गेले तर संशय स्विचवर घ्यावा, एवढे मला ठाऊक आहे. जेजुरी-मोरगावसारख्या दुपदरी रस्त्यावर अशा गाडीच्या चालकापुढे दोनच मार्ग उरतात: समोरच्याला आंधळे करायचे किंवा आपण आंधळे व्हायचे. दांडी बोटाने मधल्या एका जागी दाबून धरली तर डिप्पर कसाबसा लागे, म्हणून मी एक बोट त्या कामावर कायमचे नेमून उरलेल्या हातांनी घरापर्यंत आलो.

सर्व्हिस सेंटरमधल्या तरुणाने हातातल्या टॅबवरून नजर न काढता सांगितले की डिप्परचा भाग सुटा येत नाही. हेडलाइट आणि इंडिकेटरची ती अख्खी दांडी, तिच्या मागच्या पेटीसकट, बदलावी लागेल, आणि ती मागवावी लागेल. बिघडलेल्या भागाचा आकार मसुरीच्या दाण्याएवढा असतो, हे मी त्याच्या नजरेस आणून दिले. त्याने ते टॅबमध्ये कुठे लिहायचे हे शोधले आणि रकाना न सापडल्यामुळे सोडून दिले. म्हणून मी गल्लीतल्या वायरमनकडे गेलो, आणि तिथे आप्पा होते.

आप्पा त्या गॅरेजचे मालक नव्हते, गिऱ्हाईक नव्हते आणि मालकाचे नातेवाईकही नव्हते. प्रत्येक गॅरेजमध्ये एक प्लास्टिकची खुर्ची असते आणि त्या खुर्चीला एक निवृत्त माणूस जोडलेला असतो. या खुर्चीला आप्पा जोडलेले होते. एरवी आमची भेट नमस्कारावर निभावली असती. परंतु स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असल्यामुळे वायरमनने आधी चाके सरळ केली, बॅटरीची निगेटिव्ह काढली, आणि "आता दहा मिनिटं कुणी हात लावू नका, आत साठलेला करंट उतरू दे," असे म्हणून तो दुसऱ्या गाडीकडे निघून गेला. खबरदारी योग्यच होती, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत बॅटरी काढल्यावरही थोडा वेळ वीज साठून राहते. ती दहा मिनिटे मात्र आप्पांच्या हवाली झाली.

"मी सबंध नोकरी पाटबंधारे खात्यात काढली," आप्पा म्हणाले. "कालव्याचं गेट असतं ना साहेब, ते अधूनमधून फिरवावं लागतं. नाही फिरवलं की स्क्रू गंजतो, आणि ऐन पाणीपाळीच्या दिवशी दहा माणसं लावली तरी गेट हलत नाही. तुमचा डिप्पर म्हणजे तेच."

"पण आप्पा, मी रोज रात्री डिप्पर वापरतो."

"आमचे गेटवालेही रोज लिहायचे रजिस्टरला, 'गेट फिरवले'."

माझ्याकडे रजिस्टर नव्हते. आप्पांनी खुर्ची पुढे ओढली आणि रीतसर उलटतपासणी सुरू केली.

"समोरून गाडी आली की काय करता?"

"डिप्पर करतो."

"आणि त्यानं नाही केला तर?"

"एकदा अप्पर-डिप्पर मारून आठवण देतो. तरी नाही केला, तर मी डिप्परवरच राहतो."

"म्हणजे तो तुमच्या डोळ्यांत मारतो, आणि तुम्ही त्याला व्यवस्थित वाट दाखवता?" आप्पांनी हे वाक्य माझ्याकडे पाहत सुरू केले आणि श्रोत्यांकडे पाहत संपवले. श्रोते हसले. एव्हाना मी डिप्पर वापरत नसलो तर खोटारडा होतो आणि वापरत असलो तर बावळट होतो, आणि आप्पांना दोन्ही गोष्टी एकाच वेळी मान्य होत्या. तेवढ्यात गॅरेजमधला पोऱ्या चहा घेऊन आला. आप्पांनी तो "साहेबांना द्या आधी" अशा आवाजात मला देवविला, की घेताना मलाच आपण काहीतरी कबूल करत असल्यासारखे वाटले.

वास्तविक या विषयावर मला वायरमनच्या दारात शिकवणी घेण्याची गरज नव्हती. जुन्या जीपमध्ये अप्पर-डिप्परचे बटण क्लचशेजारी पायाखाली असे आणि ते चिखलाने खरोखरच जाम होत असे. आप्पांचे गेट तिथे चपखल बसले असते. ट्रकच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज'बरोबर 'यूज डिप्पर ॲट नाइट' हेही रंगवलेले असते. त्यातल्या पहिल्या वाक्यावर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये बंदी घातली, आणि तरीही हॉर्न वाजतोच आहे. दुसऱ्यावर कोणीच बंदी घातली नाही, आणि ते कोणी पाळतही नाही. आपल्याकडे डिप्परचा खरा उपयोग निरोप पाठवण्यासाठी होतो. समोरच्याने दोनदा दिवा मारला की पुढे पोलीस उभे आहेत असे समजून सर्वजण सीटबेल्ट लावतात. त्याच परोपकारी चालकाला दिवा खाली करायला सांगून पाहावे.

दहा मिनिटांनी वायरमन परत आला. त्याने एअरबॅग काढून पालथी न घालता, तोंड वर करून बाकड्यावर ठेवली, स्टिअरिंगच्या नटावर खूण केली, चाक उपसले, त्यामागची गुंडाळलेल्या पट्टीची चकती फिरू नये म्हणून तिच्यावर चिकटपट्टी लावली, खालचे-वरचे कव्हर सोडवले आणि दांडी पेटीसकट बाहेर काढली. इतक्या काळजीने काम करणारा माणूस मी सर्व्हिस सेंटरच्या काचेआडून कधी पाहिलेला नाही, कारण तिथे काचेच्या आत जाऊच देत नाहीत. पेटी उघडल्यावर आतला छर्रा आणि स्प्रिंग पोऱ्याने तळहातावर झेलली. आत काळे पडलेले ग्रीस होते, आणि डिप्परची वीज जोडणारा पितळी पॉइंट खड्डा पडून काळाठिक्कर झाला होता. त्याच्याभोवतीचे प्लास्टिक वितळून पॉइंट बाजूला सरकला होता.

"बघा गंज," आप्पा खुर्चीवरूनच म्हणाले.

"गंज नाही आप्पा, जळालंय," वायरमन म्हणाला. "ह्या गाडीत हेडलाइटला रिलेच नाही, म्हणजे लोड उचलणारा वेगळा स्विच. सगळा लोड ह्या पॉइंटवरून जातो. साहेबांनी डिप्पर लई वापरलाय."

हा क्षण माझा होता. पंचावन्न वॅटचे दोन बल्ब बारा व्होल्टवर नऊ अँपियरहून जास्त वीज ओढतात, ती सगळी मसुरीच्या दाण्याएवढ्या पितळेतून जाते, आणि प्रत्येक अप्पर-डिप्परला तिथे बारीकशी ठिणगी पडते. म्हणजे समोरच्याची जितकी काळजी घ्यावी तितका आपला पॉइंट जळतो, हे सगळे मी आप्पांना हातवारे करून समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, चहाचा शेवटचा घोट घेतला आणि विचारले,

"मग कशाला एवढा वापरायचा?"

पुन्हा सगळ्यांनी माना डोलावल्या.

मला अजूनही याचे उत्तर सुचलेले नाही, आणि राग येतो तो त्याचाच. ज्याने आयुष्यात अप्पर खाली केला नाही त्याचा पॉइंट आजही कोरा आहे. त्याला गॅरेजमध्ये कोणी जाब विचारत नाही, कारण त्याला गॅरेजमध्ये यावेच लागत नाही. त्यातून हल्ली साध्या दिव्याच्या घरात पांढरेफेक एलईडी बल्ब बसवण्याची हौस आली आहे. मूळच्या बल्बमध्ये डिप्परच्या तारेखाली धातूची एक इवलीशी वाटी असते; तिच्यामुळे खालच्या अर्ध्या आरशावर प्रकाश पडत नाही, म्हणून समोरच्याच्या डोळ्यांतही जात नाही. घराची सगळी घडण त्या तारेच्या आणि वाटीच्या जागेवर बेतलेली असते. तिथे भलताच बल्ब खुपसला की डिप्परसुद्धा आंब्याच्या झाडावरचे पक्षी उठवतो. असे दिवे विकताना कोणी अडवत नाही, बसवताना अडवत नाही आणि रस्त्यावरही अडवत नाही. अडवले जाते ते एका बोटाने दांडी दाबून येणाऱ्या माणसाला, आणि तेही खुर्चीवरून.

वायरमनने पॉइंट पॉलिश पेपरने घासून डाग देऊन पाहिला. परंतु वितळलेल्या प्लास्टिकमध्ये तो जागेवर टिकेना. मग पोऱ्या नाना पेठेत जाऊन कंपनीचा नसलेला पण कंपनीसारखाच दिसणारा सेट घेऊन आला. तो बसला. डिप्पर लागला. स्टिअरिंग खुणेवर परत गेले, एअरबॅगचा दिवा पेटून शहाण्यासारखा विझला, आणि आप्पांनी गाडीपुढे उभे राहून "अप्पर… डिप्पर… अप्पर…" असे हुकूम सोडून स्वतःची खात्री करून घेतली. मी दांडी हलवत राहिलो. त्या वेळी दुसरे काय करायचे ते मला कळेना.

रिले न बसवल्यास नवा पॉइंटही जळेल, हे वायरमनने प्रामाणिकपणे सांगितले. रिले बसवला की दिव्यांचा सगळा भार त्याच्यावर जातो आणि दांडीतून त्याच्या कॉइलपुरती, अगदी जेमतेम वीज वाहते. त्याची वायरिंग बनवायला एक दिवस लागणार होता. मी सोमवारी येतो म्हणालो.

"सोमवारी नको," आप्पा म्हणाले. "सोमवारी मी जावयाकडे आहे. मंगळवारी आणा, दहाच्या पुढं."

वायरमनने कानामागची पेन्सिल काढून डायरीत मंगळवार लिहिला.