उणे वीस डेसिबल

परवा शनिवारी मला बोटभर लांबीच्या एका धातूच्या नळीचे अठराशे रुपये मोजावे लागले आणि वर अक्कलही ऐकून घ्यावी लागली. पैशांचे दुःख आता बरेच ओसरले आहे.

ढोलपथकाच्या सरावात ताशाचे ध्वनिमुद्रण करताना प्रीअँपचा, म्हणजे माइकचा क्षीण संकेत वाढवणाऱ्या यंत्राचा, गेन (वाढवण्याचे प्रमाण) तळाला नेऊनही संकेत पेलवत नसल्याचा लाल दिवा विझेना, आणि माझ्या कंडेन्सर माइकवर पॅडचे, म्हणजे संकेत आधीच घटवणारे, बटण नाही. अशा वेळी माइक आणि प्रीअँप यांच्यामध्ये तशी नळी, म्हणजे अटेन्युएटर, जोडतात. त्यातले चार-दोन रेझिस्टर संकेताचा व्होल्टेज एक दशांशावर, म्हणजे २० डेसिबलने खाली आणतात. तो घ्यायला मी तपकीर गल्लीतल्या एका दुकानात गेलो.

दुकानाशी कोणताही उघड संबंध नसलेले एक काका तिथे स्टुलावर बसून चहा पीत होते. “आवाज कमी करायला पैसे? माइक लांब ठेवा की!” मी सविस्तर सांगितले की मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले तर जेमतेम ६ डेसिबल घटतात, वीस घटवायचे तर एका फुटावरचा माइक दहा फुटांवर न्यावा लागेल, आणि तिथे ताशाच्या आधी सगळे ढोल व एका कार्यकर्त्याची शिट्टी ऐकू येईल.

“मग ताशेवाल्याला हळू वाजवायला सांगा.”

पुण्यात हे वाक्य उच्चारून कोणी सुखरूप परतल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

“बरं, घरी जाऊन आवाज परत वाढवणारच ना? मग कमी कशाला करता?”

हा प्रश्न मात्र मला झोंबला, कारण तो अगदीच चुकीचा नव्हता. शांत प्रसंगी अटेन्युएटर तसाच राहिला तर गेन चढवावा लागतो आणि त्याबरोबर खरखरही वर येते. तरीही मी म्हणालो, की प्रीअँपमध्ये एकदा फाटलेला आवाज नंतर सांधता येत नाही. उतू गेलेले दूध आच मंद केल्याने पातेल्यात परत येत नाही.

“पातेलं मोठं घ्यावं,” काका म्हणाले.

माझ्याकडे उत्तर नव्हते. मोठे पातेले म्हणजे जास्त जोराचा संकेत पेलणारा प्रीअँप, आणि तो परवडत असता तर मी नळ्या विकत घेत हिंडलो नसतो.

घरी नळी जोडली, तर लाल दिवा पूर्वीच्याच उत्साहाने पेटला. मल्टिमीटर लावल्यावर समजले की आत रेझिस्टर नव्हतेच, फक्त दोन आणि तीन क्रमांकाच्या पिनांची अदलाबदल केलेली होती. म्हणजे मला पोलॅरिटी (संकेताची धन-ऋण दिशा) उलटवणारी नळी दिली गेली होती. या दोन्ही नळ्या बाहेरून जुळ्या बहिणींसारख्या दिसतात, आणि त्यांच्यावर ‘उणे २०’ एवढे छापायला कोणाची शाई संपते, हे मला अजून उमगलेले नाही.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीखाली पाऊण तास वाद घातल्यावर आणखी तीनशे रुपये घेऊन नळी बदलून मिळाली. ती मी गल्ल्यावरच मल्टिमीटरने तपासत असताना काका त्याच स्टुलावर होते.

“एकूण किती गेले?”

“एकवीसशे.”

“लांब ठेवला असता, तर फुकटात झालं असतं.”