ॲप डिलीट करून ऑटोपे बंद होत नाही, तो मेसेज पुढे पाठवू नका

सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की नको असलेलं ऑटोपे (म्हणजे ठरलेल्या तारखेला खात्यातून आपोआप पैसे कापले जाणं) थांबवायचंय तर ॲप डिलीट करा, यूपीआय पिन बदला, कार्ड ब्लॉक करा, खातं रिकामं ठेवा, बँक यात काही करू शकत नाही. हे वाचून माझ्या मावशीला भुर्दंड पडलाय म्हणून लिहितेय.

ॲप डिलीट केलं की ते फोनमधून जातं, मॅंडेट, म्हणजे पैसे कापायची परवानगी, जात नाही. तुम्ही कधीतरी ओके केलेली ती परवानगी बँकेकडे नोंदलेली असते. पिन बदलूनही फरक पडत नाही कारण पिन पहिल्यांदाच घेतलेला असतो, नंतर 15,000 पर्यंतच्या रकमेला सहसा परत विचारतच नाहीत. कार्ड ब्लॉक केलं तर त्या कार्डावरचं अडेल, पण यूपीआय ऑटोपे आणि नॅच (बँकांची हप्ते आपोआप कापायची व्यवस्था) थेट खात्यातून कापतात.

सगळ्यात घातक सल्ला म्हणजे खातं रिकामं ठेवा. मावशीचे एका ॲपचे महिन्याला 199 जायचे, तिने मेसेज वाचून पेन्शन आली की सगळी काढायला सुरुवात केली. पासबुक भरून आणलं तर 199 च्या जागी 'एसीएच रिटर्न चार्ज', म्हणजे खात्यात पैसे नसल्याने कापता आले नाहीत याचा दंड, 295 (250 आणि वर जीएसटी), असं तीन महिने. 885 रुपये गेले, तेही पुढच्या पेन्शनमधून आधी वळते करून! आणि कर्जाचा हप्ता असेल तर असलं अजिबात करू नका, सिबिल स्कोअर (कर्जफेडीची पत) खराब होतोच, शिवाय 2007 च्या पेमेंट कायद्याच्या कलम 25 मध्ये हप्ता बाउन्स झाला तर दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

बँक काही करू शकत नाही हे तर साफ चुकीचं. कार्ड आणि यूपीआयच्या ऑटोपेला आरबीआयचा नियम आहे, पैसे कापायच्या 24 तास आधी मेसेज यायला हवा आणि मॅंडेट कधीही रद्द करता यायला हवं. यूपीआयचं असेल तर ॲपमध्ये ऑटोपे उघडा, नको ते रद्द करा, पिन टाका, झालं. नॅचचं असेल तर नेट बँकिंगमध्ये बघा नाहीतर शाखेत लेखी अर्ज द्या, त्यात यूएमआरएन, म्हणजे त्या मॅंडेटचा ओळख नंबर, लिहा आणि आपल्या कॉपीवर शिक्का मारून घ्या, हप्त्याच्या तारखेच्या चार-पाच दिवस आधीच जा. कंपनीकडेही सबस्क्रिप्शन वेगळं बंद करा, नाहीतर ते बाकी दाखवत राहतात.

मावशीला काउंटरवर सांगितलं कंपनीकडे जा. आम्ही लेखी अर्ज दिला तेव्हा मॅंडेट रद्द झालं. 885 परत मागायचा अर्ज वेगळा दिलाय, 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर आरबीआयच्या लोकपालाकडे जाणार, 14448 वर फोन केला की माहिती मिळते.