एक तारा मान्य, ‘भंगार प्लास्टिक’ मान्य नाही

नमस्कार साहेब,

तुम्ही ऑनलाइन आम्हाला एक तारा देऊन लिहिलेली तक्रार अशी : फेब्रुवारीत मासळी धुण्याच्या कन्व्हेयरसाठी आमच्या वर्कशॉपमधून चार नायलॉन बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या जाड कड्या) नेले. मेअखेरपर्यंत मशीन छान चाललं, मासेमारीबंदीचे दोन महिने रत्नागिरीत शेडमध्ये उभं राहिलं आणि ऑगस्टमध्ये बटण दाबलं तर शाफ्ट हलेना, मोटार ट्रिप. फोन केला तेव्हा आमचा पोरगा म्हणाला, “पावसानं फुगला असंल.” त्यावर तुम्ही लिहिलंत, ‘प्लास्टिक कधी फुगतं का? नायलॉन सांगून भंगार गळ्यात मारलं.’

पोराची बोलायची पद्धत चुकली. पण बोलला ते खरं होतं.

बादलीचं प्लास्टिक पाणी पीत नाही, नायलॉन पितं. पाण्यात मुरत ठेवलं तर ग्रेडप्रमाणे स्वतःच्या वजनाच्या सहा ते नऊ टक्के. कोकणातल्या जुलैच्या नुसत्या हवेतूनही ओढतं, फक्त सावकाश. पाणी मुरलं की ते थोडं मऊ पडतं, चिवट होतं (कोरडं नायलॉन ठिसूळ, म्हणून काही पार्ट मुद्दाम गरम पाण्यात मुरवतात) आणि फुगतं. पावसाळ्यात दार चौकटीत अडकतं, तशातलाच प्रकार.

तुम्ही पाठवलेला बुश काट्यावर ठेवला : १७९ ग्रॅम. त्याच रॉडमधून काढलेला, पिशवीत बंद राहिलेला जोडीदार १७३ ग्रॅम. तुमचा बुश शेजाऱ्याच्या ओव्हनमध्ये ८० अंशांवर पाच दिवस ठेवला, १७५ वर आलाय आणि अजून उतरतोय. तरी शंका असेल तर तुमच्याकडचा एक बुश बादलीत टाकून बघा. बादल्या-क्रेटचं भंगार पाण्यावर तरंगतं, नायलॉन तळाला जातं.

आता आमची चूक. बुश बाहेरून ७०, आतून ५० मि.मी., हाउसिंगमध्ये, म्हणजे त्याच्या लोखंडी घरात, ठोकून बसवलेला. बाहेरून लोखंडाने आवळलेला बुश फुगणार कुठे? आतल्या बाजूला. म्हणजे बोअर (आतलं भोक) बारीक होतो. त्यात चालताना घर्षणाची गरमी, आणि गरमीत नायलॉन स्टीलच्या सहा-सात पट पसरतं. आम्ही शाफ्ट आणि बोअरमध्ये जागा सोडली होती ०.१५ मि.मी., गनमेटलच्या (तांब्या-कथलाच्या मिश्रधातूच्या) सवयीने. तुमचा जुना बुश गनमेटलचा होता, त्याच मापाने टर्निंग केलं. नायलॉनला याच्या दुपटीहून जास्त लागली असती. मशीन कुठे बसणार, पाणी उडतं का, हे ऑर्डर घेताना विचारायला हवं होतं. विचारलं नाही. एक तारा त्यासाठी दिला असता तर मी हे उत्तर लिहिलंच नसतं.

कुणी सांगेल, आतून घासून मोकळा करा. कृपा करून करू नका. आज चालेल, पण उन्हाळ्यात बुश वाळला की आकसेल आणि हाउसिंगमध्येच फिरायला लागेल.

चारही बुश ॲसिटलमध्ये नवे करून देतो, पैसे घेणार नाही. बाजारात त्याला डेलरिन म्हणून मागतात. ते पाण्यात बुडवून ठेवलं तरी एक टक्क्याच्या आसपासच पाणी घेतं. रॉड नायलॉनपेक्षा महाग आहे, तो आमचा प्रश्न. मोटारीला काही झालं असेल तर बिल पाठवा, निम्मं देतो. बुडालेल्या दिवसाची मासळी मात्र भरून देणं माझ्या ताकदीबाहेर आहे, तेव्हा तसं आश्वासन देत नाही.

एवढं करा : शाफ्ट बुश बसतो तिथे तीन ठिकाणी मायक्रोमीटरने मोजून माप पाठवा, व्हर्नियर नको. हाउसिंगचा बोअरही. माप आल्यापासून चौथ्या दिवशी पार्सल रत्नागिरी एसटीत टाकतो.

— उद्यमनगर, कोल्हापूर

ता. क. : पोराला ‘असंल’ऐवजी ‘बघून सांगतो’ म्हणायला शिकवतोय.