खिचडी, अंडं आणि सोसायटीच्या ग्रुपवरचा तो मेसेज

आमच्या ऐरोलीच्या सोसायटी ग्रुपवर या आठवड्यात तिसऱ्यांदा तोच फॉरवर्ड आला, सरकारी शाळांत मिळणाऱ्या दुपारच्या जेवणावर. थोडक्यात असा: "शाळा शिकवायला असतात, जेवणावळी घालायला नाही. पोरांना खायला घालणं आईबापाचं काम. आता म्हणे सकाळचा नाश्ता पण द्या आणि नववी-दहावीलाही जेवण द्या. आम्ही उपाशीपोटी शिकलो, काही बिघडलं नाही. आणि शहरात कोण उपाशी आहे? टॅक्सच्या पैशांचा चुराडा नुसता, ज्यांना पुळका आहे त्यांनी दान करावं." खाली अकरा अंगठे. दोनदा गप्प बसले, आज लिहितेच.

आधी ते शहरात कोण उपाशी. दिघ्याला इलठणपाड्याकडे आम्ही चार-पाच जणी शनिवारी पोरांची अभ्यासिका घेतो. तिथे कोणी भुकेने चक्कर येऊन पडत नाही, त्यामुळे बघायला गेलात तर तुम्हाला काहीच दिसणार नाही. सकाळी काय खाल्लंस विचारलं की उत्तर ठरलेलं, चहा-खारी. नाहीतर चहा-बटर, नाहीतर नुसताच चहा. पोट भरल्यासारखं वाटतं आणि तासाभरात पोरगं चटईवर आडवं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली होती. तीच पोरं आता पहिली-दुसरी-चौथीत बसलीयत.

आईबापाचं काम आहे ना, मान्य. आता त्यातली एक आई सकाळी साडेसहाला घर सोडते कारण सातला तिला आपल्याच बिल्डिंगमध्ये पोळ्या लाटायच्या असतात, आपल्या पोरांचे डबे भरायचे असतात, आणि बाप नाक्यावर उभा असतो, काम मिळालं तर मिळालं नाहीतर अकराला परत. यात तिच्या पोराचा डबा कधी भरायचा तेवढं कोणीतरी टायमटेबल काढून द्या.

उपाशीपोटी शिकलो म्हणणाऱ्या काकांना एकच विचारते, रागावू नका. गणपतीत गप्पा रंगल्या की 72 च्या दुष्काळात सरकारने वाटलेली सुकडी आणि ती लाल मिलो ज्वारी यांचे किस्से तुम्हीच सांगता ना? ती सुकडी काय आकाशातून पडत होती? आणि तुमच्या वर्गातले जे खरंच उपाशी राहिले आणि चौथीतून सुटले ते आज कुठल्या सोसायटीच्या ग्रुपवर नाहीत, म्हणून त्यांचा फॉरवर्ड येत नाही.

आता चुराडा. यावर जरा थांबते कारण इथे कोणीच आकडा बघत नाही. मे 2025 पासून पहिली ते पाचवीच्या पोरामागे दिवसाला 6 रुपये 78 पैसे मिळतात, सहावी ते आठवीला 10 रुपये 17 पैसे. तांदूळ वेगळा येतो, पण डाळ, भाजी, तेल, मसाला, गॅस सगळं या पैशात. केंद्राचे साठ टक्के, राज्याचे चाळीस. आणि एवढ्यात लहान पोराला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रोटीन द्यायचं असा नियम आहे. स्टेशनबाहेर या पैशात अर्धा वडापाव पण येत नाही. वर्षाचे 200 दिवस धरले तर एका पोरामागे 1,356 रुपये, आपल्याकडे एका पिझ्झापार्टीचं बिल याहून जास्त होतं. शिजवणाऱ्या मावशीला महिन्याला 2,500. मग खिचडी पाणचट का आणि भाजी शोधावी का लागते, हे कोडं आहे का?

हो, घोळ होतात. धान्यात अळ्या निघतात, आणि 2013 मध्ये बिहारमध्ये छपऱ्याजवळ विषारी जेवणाने 23 पोरं गेली, ते विसरण्यासारखं नाही. पण त्यावर उपाय म्हणजे कोठी, तपासणी, वाढण्याआधी मोठ्यांनी चव घेणं. लोकलला गर्दी होते म्हणून लोकल बंद करा असं आपण म्हणत नाही.

आणखी एक नेहमी ऐकते, "जेवायला येतात, शिकायला नाही." येऊ द्या की! आल्याशिवाय शिकवणार कोणाला? 2021 मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये भारतातल्या या जेवणावर एक अभ्यास आलाय, लहानपणी ज्या मुलींना शाळेत जेवण मिळालं, त्या आई झाल्यावर त्यांच्या मुलांमध्ये खुजेपणा कमी दिसला. म्हणजे आजच्या ताटाचा हिशोब पुढच्या पिढीपर्यंत जातो.

नाश्ता म्हणजे काही नवीन खूळ पण नाही, 2020 च्या शैक्षणिक धोरणातच लिहिलंय. तमिळनाडूने सप्टेंबर 2022 मध्ये 1,545 शाळांत सुरू केला आणि पुढच्याच वर्षी सगळ्या सरकारी प्राथमिक शाळांत नेला. नववीचं तर साधं आहे, आठवी संपली की ताट बंद, भूक मात्र तेव्हाच वाढते. आमच्या अभ्यासिकेतली एक सहावीतली मुलगी खिचडी डब्यात जरा जास्त मागून घेते, नववीतल्या ताईसाठी. हे कळल्यावर मला दोन दिवस काही सुचलं नव्हतं.

राहिलं दान. महाराष्ट्रात नोव्हेंबर 2023 पासून आठवड्याला एक अंडं सुरू झालं होतं (न खाणाऱ्यांना केळं), त्यात साधारण सहा ग्रॅम प्रोटीन, दिवसाच्या 12 तलं निम्मं. जानेवारी 2025 मध्ये सरकारने त्याचा वेगळा निधी काढून घेतला आणि लोकसहभागातून जमवा म्हणाले. म्हणजे तुमच्याच मेसेजसारखं. तर हा लोकसहभाग मी करून बघितलाय, याच ग्रुपवर. गेल्या जूनमध्ये लिहिलं होतं, शनिवारी 40 पोरं, सात रुपयाला अंडं, आठवड्याला 280 रुपये. बावीस जणांनी हात जोडले, सहा जणांनी पैसे पाठवले, त्यातले दोघे भाडेकरू. पावसाळाभर नीट चाललं, नवरात्रीत वर्गणी निघाली तशी आमची बाजूला पडली, दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी ट्रे आलाच नाही. पोरं मात्र आली होती, ताटली घेऊन.