‘संशोधन खासगी कंपन्यांवर सोडा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस सोसायटीच्या, शाळेतल्या जुन्या मित्रांच्या, अगदी नातेवाइकांच्या ग्रुपवरही एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: पुण्यातल्या सरकारी संशोधन संस्था म्हणजे पांढरे हत्ती. कोविडमध्ये आपल्याला सीरम या खासगी लस-कंपनीने तारलं, सरकारी शास्त्रज्ञांनी काही केलं नाही. पीएचडीची पोरं म्हणजे पस्तिशीपर्यंत फुकट पोसले जाणारे सरकारचे जावई आणि त्यांचे पेपर बोगस. जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीने जुन्नरकरांची रेल्वे पळवली. तेव्हा संस्थांना टाळं लावा आणि संशोधन खासगी कंपन्यांवर सोडा. सरकारी प्रयोगशाळा असलेल्या पाषाण रस्त्यावरून रोज ये-जा करणारी माणसं हे खरं मानून पुढे पाठवतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी सीरमबद्दल, कारण लोकांना तोच मुद्दा पटतो. एवढ्या प्रचंड प्रमाणावर आणि एवढ्या स्वस्तात लस तयार करणं हे सीरमचं मोठं काम आहे, त्याचं श्रेय कुणी हिरावून घेऊ नये. पण सीरमची ही लस, कोविशिल्ड, मुळात ऑक्सफर्ड विद्यापीठात जन्मली. तिच्या तंत्रामागे अनेक वर्षांचं संशोधन होतं आणि त्या संशोधनाच्या ज्या खर्चाचा माग लागला, त्यातला ९७ टक्क्यांहून जास्त पैसा सरकारांचा आणि धर्मादाय संस्थांचा होता. भारतातल्या तिच्या चाचण्यांसाठीही आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने पैसे दिले. दुसरी लस, कोव्हॅक्सिन, भारत बायोटेकने बनवली. तिच्यासाठी लागणारा विषाणू वेगळा करून दिला पुण्याच्या एनआयव्ही या सरकारी विषाणू संस्थेने.

शिवाय लस खूप नंतर आली. ३० जानेवारी २०२० ला देशातल्या पहिल्या कोविड रुग्णाचं निदान झालं, केरळच्या त्या रुग्णाचा नमुना तपासला गेला पुण्यात, याच एनआयव्हीत. विषाणूवर काम करणारी तयार माणसं इथे होती, कारण ही संस्था १९५२ पासून चालू आहे. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली तेव्हा तिथला विषाणू यांनीच शोधला. साथ नसते त्या वर्षांतही जंगलात जाऊन वटवाघळांचे नि गोचिडांचे नमुने गोळा करणं, ते उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवणं चालूच असतं. यातून पुढच्या तिमाहीत नफा दिसत नाही. कुठली कंपनी हे वर्षानुवर्षं करेल?

आता ‘जावयां’कडे वळू. जेआरएफ ही पीएचडीसाठीची सरकारी फेलोशिप मिळालेल्याला आज महिना ३७ हजार मिळतात, दोन वर्षांनी ४२ हजार, वर नियमानुसार घरभाडं, आणि तेही जास्तीत जास्त पाच वर्षं. पस्तिशीपर्यंत वगैरे काही नाही. आणि ही फेलोशिप मिळवणारे थोडे. राज्य विद्यापीठांत पीएचडी करणाऱ्या कितीतरी मुलांना एक रुपयाही मिळत नाही. ज्यांना मिळते त्यांची रक्कमही वेळेवर येत नाही. माझ्या ओळखीतली एक मुलगी शहरातल्या एका प्रयोगशाळेत पेशींवर काम करते. पेशींना दर दोन-तीन दिवसांनी ताजं माध्यम द्यावं लागतं. रविवार असो, गणपती असोत, नाही दिलं तर मरतात आणि दोन महिन्यांचं काम वाया जातं. तिची फेलोशिप चार महिने अडकली होती. त्या काळात ती सकाळी क्लासमध्ये अकरावीची केमिस्ट्री शिकवायची आणि संध्याकाळी लॅबमध्ये जायची. घरमालकाला दर महिन्याला नवं कारण सांगायची. हिला फुकटी म्हणायचं? बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपसाठी मुलांना पुण्यात आंदोलनं करावी लागली, तीही याच शहराने पाहिली.

बोगस पेपरांच्या मुद्द्यात तथ्य आहे. पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नल्स आपल्याकडे बोकाळली होती. पण का? २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नियमांनी प्राध्यापकांची बढती पेपरांच्या गुणांना बांधली, म्हणून. आणि हे उघड कुणी केलं? पुणे विद्यापीठातल्याच संशोधकांनी. विद्यापीठांच्या शिफारशीने यूजीसीच्या मान्यताप्राप्त जर्नल्सच्या यादीत शिरलेली १,००९ जर्नल्स त्यांनी तपासली. ८८ टक्के निकषांत बसली नाहीत. २०१८ मध्ये यूजीसीने ४,३०५ जर्नल्स यादीतून काढली. पुढे चांगल्या जर्नल्सची जी ‘केअर’ यादी आली, तिचा कक्षही पुणे विद्यापीठातच होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती यादी बंद केली आणि पारखण्याची जबाबदारी प्रत्येक संस्थेवर टाकली. राग काढायचा तर या धरसोडीवर काढावा.

जुन्नरकरांची तक्रार मात्र खरी आहे. पुणे–नाशिक जलद रेल्वेचा नारायणगाववरचा मार्ग जीएमआरटीचं, म्हणजे खोडदच्या याच दुर्बिणीचं, कारण देऊन बाजूला ठेवला गेला, मोठ्या उद्योगांवरही तिथे मर्यादा आहेत. ४५ मीटर व्यासाच्या त्या ३० अँटेना आकाशातून येणारे इतके क्षीण संकेत टिपतात, की मोबाइल टॉवर किंवा विजेच्या तारांवरची ठिणगीही त्यांना बुडवून टाकते. ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी जागा निवडली ती या शांततेसाठी. जगभरचे शास्त्रज्ञ इथे वेळ मागतात. त्याची किंमत एका तालुक्याने एकट्याने मोजू नये, त्याला मोबदला मिळावा, पर्यायी रोजगार मिळावा, हे मी मेसेज लिहिणाऱ्याबरोबर म्हणायला तयार आहे. दुर्बीण मोडा म्हणायला नाही.

राहिला पैसा. २०२०-२१ मध्ये भारताचा संशोधनावरचा खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के होता. त्यात अवकाश, अणुऊर्जा, संरक्षण, खासगी कंपन्या सगळं आलं. चीनचा हाच आकडा तेव्हा २.४ च्या आसपास होता, दक्षिण कोरियाचा साडेचारच्या वर. कोरियात यातला सुमारे तीन चतुर्थांश खर्च कंपन्या करतात. आपल्याकडे एक तृतीयांशाहून थोडासाच जास्त. कंपन्यांना कुणी अडवलेलं नाही. उलट एएनआरएफ या संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेच्या पाच वर्षांच्या ५० हजार कोटींपैकी ३६ हजार कोटी सरकारबाहेरूनच यायचे आहेत. २०२५ मध्ये खासगी संशोधनासाठी एक लाख कोटींचा आरडीआय निधीही मंजूर झाला. त्याची अट मेसेज पाठवणाऱ्यांनी वाचावी: मूळ कल्पनेपासून प्रत्यक्ष वापरापर्यंतच्या नऊ पायऱ्यांपैकी चौथ्या पायरीवर तंत्रज्ञान पोचलेलं असेल, तरच पैसा. पहिल्या तीन पायऱ्या कुठल्या प्रयोगशाळेत आणि कुणाच्या फेलोशिपवर चढायच्या, हे त्या मेसेजमध्ये कुठेच लिहिलेलं नाही.